स्वमग्न मुलांच्या थेरपीसाठी छोटा रोबो करून घ्यायचाय (मिरज): किती हालचाली, कसला आवाज, सत्र कसं घ्यायचं?

मिरज_विशेषशिक्षण

नमस्कार मंडळी. मिरजेतल्या एका छोट्या केंद्रासाठी विचारतेय. ५ ते ९ वयाची सात स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं आहेत. तिघं बोलतात, दोघं ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणतात, दोघं शब्द वापरत नाहीत. सांगलीतली शेवटच्या वर्षाची इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट म्हणून रोबो करून द्यायला तयार आहेत. सुट्या भागांचा खर्च ५ हजारांत बसवायचाय.

त्यांच्या आराखड्यात चाकं आहेत, डोळ्यांत कॅमेरा आहे, चेहरा ओळखणं आहे, एआयशी गप्पा आहेत. यातलं खरंच काय लागतं? रोबो आला की पहिल्या दिवशी काय करायचं, सत्र किती वेळाचं, नोंद कशी ठेवायची? आणि मुलाला रोबोचाच नाद लागला तर? अनुभवाच्या गोष्टी नकोत, नेमकं सांगा. सोमवारी पोरांसोबत बसायचंय.

सातारा_ओटी

ताई, आधी चाकं काढायला लावा. रोबो टेबलावर बसलेला पुरतो. चाक दिसलं की मूल रोबो आडवा करून चाकच फिरवत बसतं, मग तुमचं सत्र चाकाशी चालतं.

एआयच्या गप्पाही नकोत. रोबो या मुलांना का जमतो, तर तो प्रत्येक वेळी तसाच वागतो. आपण "हात वर कर" म्हणतो तेव्हा भुवया हलतात, आवाज चढतो, बांगड्या वाजतात, मधेच मान दाराकडे वळते. मुलाने यातलं काय पकडायचं? रोबोचं एका वेळी एकच काहीतरी हलतं, आणि दहाव्या वेळीही पहिल्यासारखंच हलतं. तो दर वेळी नवं वाक्य बोलायला लागला की तोच फायदा गेला.

नावाजलेले रोबो बघा. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या कास्परचा चेहरा मुद्दाम कमी हावभावांचा ठेवलाय. जपानच्या हिदेकी कोझिमांचा कीपॉन म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन पिवळे रबरी चेंडू. उंची १२ सेंटिमीटर, हात-पाय नाहीत. मान डोलावणं, वळणं, बाजूला झुकणं आणि खालीवर होणं, बास. एवढ्यावर त्याच्याशी मुलं खेळतात.

आता ध्येय. एका मुलाला एका वेळी एकच, आणि "नजरेला नजर देणं" हे ध्येय लिहूच नका. मोठे झालेले स्वमग्न लोक स्वतः सांगतात की जबरदस्तीची नजरानजर त्रासाचीच असते. त्याऐवजी आपला नंबर येईपर्यंत थांबणं, समोरचा बघतोय तिकडे बघणं, मदत मागणं, यातलं एक निवडा.

पहिल्या सत्रात रोबो बंद, कोपऱ्यात ठेवलेला. मूल हात लावेल, वास घेईल, दुर्लक्ष करेल, काहीही चालतं. दुसऱ्यात चालू, पण फक्त मान हलते, आवाज नाही. आवाज तिसऱ्या सत्रात, तोही बारीक. ही पायरी गाळली आणि पहिल्याच दिवशी रोबो अचानक "नमस्कार!" म्हणाला, तर आवाजाला घाबरणारं मूल पुढे महिनाभर त्या खोलीत पाय टाकत नाही. चौथ्यापासून खरं काम. १० ते १२ मिनिटं, आठवड्यातून दोनदा, साधारण आठ आठवडे. पुरे झालं म्हणायला मुलाकडे एक लाल कार्ड द्या. कार्ड दाखवलं की तुम्ही लगेच रोबो बंद करायचा, "एकदाच अजून" नाही.

बसायची जागा त्रिकोणात. मूल, रोबो, तुम्ही. तुम्ही रोबोच्या मागे लपलात तर मूल रोबोशी छान खेळतं, पण तुमच्याशी नाही, आणि आपल्याला हवंय ते दुसरं. रोबोचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला.

"तो बघतोय तिकडे बघ" याचं एक उदाहरण सविस्तर देते. मुलाच्या डावीकडे गायीचं चित्र, उजवीकडे एसटीचं, दोन्ही हातभर लांब. रोबो एसटीकडे मान वळवतो. मनात पाच आकडे मोजा. या पाच सेकंदांत तोंड उघडायचं नाही, इथेच सगळ्यांचं चुकतं. मुलाने बघितलं तर नोंदीत शून्य, म्हणजे मदत लागली नाही. नाही बघितलं तर रोबो "बघ" म्हणतो, ती पायरी १. तरी नाही, तर रोबो हात करतो, पायरी २. तरीही नाही, तर तुम्ही चित्र उचलून मुलाच्या नजरेच्या वाटेत आणता, पायरी ३. अशा १० खेपा. डावी-उजवी बाजू चिठ्ठीवर आधीच उलटसुलट लिहून ठेवा, नाहीतर नकळत एकाआड एक होतं आणि मूल चित्राचा नाही, त्या क्रमाचा अंदाज बांधतं.

सलग दोन सत्रांत १० पैकी ८ शून्य आले की रोबो कमी करायला लागायचं. वाट बघायची नाही. आधी रोबो समोर, पण त्याच्याऐवजी तुम्ही स्वतःची मान वळवता. मग रोबो बंद. मग त्यावर रुमाल. मग रोबो खोलीतच नाही. शेवटी हेच घरी, आई करते, एसटीच्या जागी खिडकीतलं मांजर. नादाचं विचारलंत, त्याला उत्तर हेच आहे. रोबो काढायचा दिवस पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवला नाही तर नाद लागणारच.

प्रगती मोजायला आयएसएए (स्वमग्नता मोजायचा भारतीय तक्ता) वापरू नका. तो ४० प्रश्नांचा तक्ता निदानाचा आणि प्रमाणपत्राचा. गुण ७० च्या खाली तर स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. इतक्या जाड मापात आठ आठवड्यांचा फरक दिसायचा नाही. वर सांगितलेली ० ते ३ ची वही पुरते.

सोल्डर_आणि_भडंग

मॅडमनी गिऱ्हाइकाची बाजू सांगितली, मी गॅरेजची सांगतो. तुमच्या पोरांना हे वाचायला द्या.

हालचाली चार: मान डावी-उजवी, मान खालीवर, दोन हात. म्हणजे चार सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी). एसजी९० हा साधा सर्व्हो शंभर-दीडशेला मिळतो, पण मानेला एमजी९०एस घ्या. त्याचे दाते धातूचे असतात. मूल मान धरून पिळतंच, आणि एसजी९०चे प्लास्टिकचे दाते पहिल्याच पिळ्यात जातात. डोकं हलकं, १०० ग्रॅमच्या आत, वजन मानेच्या दांड्यावर मधोमध. पुढे झुकलेलं डोकं सर्व्हो पेलत राहतो, कुरकुरतो, तापतो.

मेंदू म्हणून आर्डुइनो नॅनो. आवाजाला डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डावरचे आवाज वाजवणारा छोटा बोर्ड) आणि ३ वॅटचा छोटा स्पीकर. थेरपिस्टच्या हातात पाच बटणं. डोळ्यांना ८ बाय ८ चे दोन एलईडी मॅट्रिक्स, मॅक्स७२१९ चे. सगळं मिळून साधारण अडीच-तीन हजार. उरलेले पैसे कापड, छपाई आणि स्पेअरला.

आता कुठं बिघडतं ते.

पहिलं, वीज. अडकलेला एसजी९० एकटा सहाशे-सातशे मिलिअँपिअर ओढतो. चार एकदम अडकले तर पावणेतीन अँपिअर झाले. पोरं सर्व्हो नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनवर लावतात आणि नॅनो लॅपटॉपच्या यूएसबीवर. मग हात उचलायला आणि रोबो वाक्याच्या मधे मरून परत चालू व्हायला एकच गाठ. सर्व्होला वेगळा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा पुरवठा, त्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि दोन्हीकडची ग्राउंड एकत्र जोडलेली. ग्राउंड जोडायचं राहिलं की सर्व्हो थरथरतात, आणि पोरं दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात.

दुसरं, वेग. एसजी९० रिकामा असला तर ६० अंश सेकंदाच्या दहाव्या भागात जातो. मुलासमोर ती झडपच वाटते. एकेक अंश, दर २० मिलिसेकंदांनी. म्हणजे ६० अंशांना १.२ सेकंद. हात जागेवर पोचला की सर्व्हो डिटॅच करा, म्हणजे त्याला जाणारा सिग्नल बंद करा. नाहीतर तो जागा धरून बसतो आणि मच्छरासारखा गुणगुणत राहतो. आपल्याला ऐकू येत नाही, या मुलांपैकी काहींना तेवढंच ऐकू येतं.

तिसरं, डीएफप्लेअर. नॅनोकडून त्याच्या आरएक्सला जाणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रोध टाका, नाहीतर स्पीकरमधून घरघर येते. कार्ड एफएटी३२, ३२ जीबीपर्यंत. साध्या प्ले आज्ञेने गाणी नावाच्या क्रमाने वाजत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजतात. एक फाइल बदलली की "शाबास"च्या जागी "टाटा" येतो. एमपी३ नावाचं फोल्डर करून त्यात चार आकडी नावं द्या आणि फोल्डरवाली आज्ञा वापरा. मॅकवरून कॉपी केलीत तर लपलेल्या फाइली कार्डावर येतात, त्याही मोजल्या जातात. त्या पुसा.

डोळे : उजेडाच्या १६ पायऱ्यांपैकी खालच्या दोन-तीनच वापरा. डोळे मिचकावणं चालेल, पण सेकंदाला तीनदापेक्षा जास्त उघडझाप कधीच नको. स्वमग्न मुलांत फिट्सचं प्रमाण जास्त असतं, लखलखाटाशी खेळ नको.

अंग : आत पीएलए (थ्रीडी छपाईचं प्लास्टिक) छापलं तरी चालतं, पण ते साधारण ६० अंशांना मऊ पडतं. एप्रिलात सांगलीत बंद गाडीच्या मागच्या काचेशी ठेवलात तर मान वाकडी झालेला रोबो मिळेल. त्यापेक्षा पीईटीजी प्लास्टिक घ्या. वरून सुती अंगरखा, धुता येईल असा. व्हेल्क्रो लावू नका, तो उघडताना चर्रकन आवाज होतो. टिचबटणं आतल्या बाजूला लावा आणि ओढून बघा. निघालं की ते मुलाच्या तोंडात जाणार. ३२ मिलिमीटरच्या नळकांड्यात मावेल असा कुठलाही सुटा भाग बाहेर नको. खांद्याशी हलणारी फट ५ मिलिमीटरहून कमी ठेवा, नाहीतर १२ हून जास्त. मधल्या मापात बोट जातं आणि अडकतं. खेळण्यांच्या मानकांतला हा जुना हिशोब आहे.

मिरज_विशेषशिक्षण

दोघांचे आभार, प्रिंटच काढून देते. दोन शंका. ऐकलेलं परत म्हणणारी जी दोन मुलं आहेत, त्यांच्यासाठी रोबोने "तुझी पाळी" म्हटलं तर तीही स्वतःच्या वेळेला "तुझी पाळी"च म्हणणार ना? आणि आवाज कुणाचा घ्यायचा? पोरं म्हणतायत मोबाइलमधला मराठी आवाज घालू.

वाचा_सांगलीवाडी

"पाळी" आधी काढा. आज ५ ते ९ ची मुलं आहेत, उद्या त्यातलीच मुलगी ११ ची होईल आणि घरात त्या शब्दाचा वेगळाच अर्थ चालू असेल. "नंबर" म्हणा, सगळ्यांना कळतं.

तुझा-माझाची अडचण खरी आहे. रोबोने सर्वनाम वापरूच नये. रोबोला नाव द्या, समजा बंटी. बंटीचं वाक्य "बंटीचा नंबर". मुलाच्या वेळेला मुलाचं नाव असलेली वेगळी फाइल, "आरवचा नंबर". मुलाने ते तसंच्या तसं म्हटलं तरी वाक्य बरोबरच पडतं. सात मुलांच्या सात फाइली, अर्ध्या तासाचं काम. प्रश्नही टाळा. रोबोने "काय पाहिजे?" विचारलं की उत्तरात "काय पाहिजे" येतं आणि पुढे मूल बिस्किट मागतानाही "काय पाहिजे" म्हणायला लागतं. मुलाच्या तोंडी जे यायला हवं तेच रोबोने बोलावं: "बिस्किट दे", "मदत कर", "नको".

मोबाइलचा आवाज नको. बऱ्याच वेळा पोरं हिंदीचा आवाज मराठी मजकुरावर चालवतात. त्यात "चमचा" मधला च "चहा" मधल्यासारखा होतो, "बाळ" चं "बाल" होतं. शब्द आत्ता पक्के होतायत अशा मुलासमोर हे चालणार नाही. माणसाचा आवाज घ्या, पण तुमचा नको आणि आईचाही नको. आईचा आवाज खोक्यातून आला की काही मुलं आई आत शोधतात. खोलीत पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, प्रत्येक शब्द तीनदा बोलून मधला घ्या. सगळ्या फाइली एका पातळीला आणा, आणि सुरुवातीची शांतता कापा, नाहीतर बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाने आवाज येतो. हात हलला आणि शब्द मागून आला, की जोडी तुटली.

भाषा घरची. आपल्याकडे आई "ये की", "बघ की" म्हणते, तर रोबोने "कृपया इकडे पहा" कशाला म्हणायचं? एकूण बारा शब्द-वाक्यं पुरेत.

सातारा_ओटी

बटणांबद्दल राहिलं. पाचच ठेवा: बघ, हात, नंबर, शाबास, थांब. सहावं झालं की तुमची नजर मुलावरून बटणांवर जाते. आणि रिमोट मुलाला दिसता कामा नये. दिसला की ते रोबो सोडून रिमोट मागतं. टेबलाच्या खालच्या बाजूला पट्टी चिकटवा, किंवा शिलाई मशीनच्या पायपट्टीसारखा पायाने दाबायचा खटका. मोठ्या हुशार मुलाला कळलंच, तर लपवाछपवी करू नका. त्याला रिमोट चालवायला द्या आणि रोबोच्या जागी दुसरं मूल बसवा. आता दोन मुलं एकमेकांशी नंबर लावून खेळतायत. आपल्याला तेच हवं होतं.

पुरावा_कुठाय

खर्च करण्याआधी एक फुकटातली चाचणी. हातमोजाची बाहुली घ्या, चेहरा कोरा ठेवा, वर सांगितलेला चित्राचा खेळ तिच्याकडून दोन आठवडे करून घ्या. बाहुलीकडून जमत असेल त्या मुलाला रोबो लागतच नाही. सातपैकी दोघा-तिघांसाठीच लागेल असं माझं मत.

रोबोने काहीच होत नाही असं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रायन स्कॅसेलाटींच्या गटाने २०१८ साली काम छापलं. १२ मुलांच्या घरी महिनाभर रोबो, रोज ३० मिनिटं, पालकांना सोबत बसवून. रोबो नसतानाही मोठ्यांसोबत लक्ष लावणं सुधारलं. पण १२ मुलं, आणि तुलनेला रोबोविनाचा गट नाही. युरोपातल्या ड्रीम प्रकल्पाने ६१ मुलांच्या ३ हजारांहून जास्त सत्रांची नोंद ठेवली. तिथेही रोबोशेजारी मोठं माणूस बसलेलं होतंच. रोबोला मुलासोबत एकटं सोडून थेरपिस्टचा पगार वाचेल असं कुणी ट्रस्टींना सांगत असेल, तर ते तिथेच थांबवा.

कॅमेऱ्याचं. रोबोत नकोच. चित्रीकरण हवंच असेल तर खोलीत वेगळा फोन स्टँडवर, त्यात सिम नाही, आणि पालकांची लेखी संमती. त्यात किती दिवस ठेवणार, कोण बघणार, कधी पुसणार हे तिन्ही लिहा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ खालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती धरली आहे. पोरांना प्रोजेक्टच्या सादरीकरणात मुलांचे व्हिडिओ दाखवायचा मोह होणार. आधीच नाही सांगा. रोबोचा दाखवा, मुलांचा नाही.

आणि इंटरनेटवर चालणारं काहीही घेऊ नका. येलने वापरलेला तो जिबो. त्याची कंपनी गुंडाळली गेली, २०१९ ला सर्व्हर बंद. मॉक्सी नावाचा मुलांसाठीचाच रोबो, ८०० डॉलरच्या आसपासचा, त्याची कंपनी २०२४ च्या डिसेंबरात बंद पडली. रोबोचा मेंदू क्लाउडवर होता. ज्या मुलाला सवय लागली त्याला काय सांगायचं, हा प्रश्न आईबापांवर आला.

मिरज_विशेषशिक्षण

बाहुलीची चाचणी उद्यापासूनच सुरू करते. शेवटचं. बॅटरी कुठली? आमच्याकडे दुपारची लाइट जाते.

सोल्डर_आणि_भडंग

पॉवर बँक, १०,००० एमएएच, निदान ३ अँपिअर देणारी. सुट्या लिथियम सेलचा जुगाड मुलांच्या खोलीत नको. पॉवर बँकेची एक खोड आहे. रोबो शांत बसला आणि सर्व्हो डिटॅच असले की ओढ इतकी कमी होते, की बँकेला वाटतं काहीच जोडलेलं नाही, आणि ती अर्ध्या मिनिटात बंद होते. नेमकं पाच सेकंद थांबायच्या वेळी रोबो गपगार. डोळ्यांचे एलईडी मंद पण कायम चालू ठेवा. तरी बंद होत असेल तर ४७ ओहम, १ वॅटचा रोध ५ व्होल्टवर कायमचा जोडा. शंभरेक मिलिअँपिअरची ओढ राहते, बँक जागी राहते. रोध कोमट होतो, कापडाला टेकू देऊ नका. चार्जिंग रात्री, दुसऱ्या खोलीत.

आणि पुरावावाल्यांनी कंपन्यांचं सांगितलं तेच पोरांनाही लागू आहे. मे महिन्यात परीक्षा झाली की जूनला चौघंही पुण्याला. त्याआधी त्यांच्याकडून हे घेऊन ठेवा: आवाजाच्या कार्डाची दुसरी प्रत, कोड पेन ड्राइव्हवर, जोडणीचं चित्र कागदावर (तारांच्या रंगांसकट), दोन एमजी९०एस आणि एक डीएफप्लेअर डब्यात. मानेचा सर्व्हो बदलायचा कसा ते तुमच्या हाताने एकदा करून बघा, पोरं शेजारी उभी असतानाच.